डायोडमुळे रेडिओ ऐकू कसा काय येतो? चार्जरमधला डायोड लावला तर नुसती घरघर

भुसावळचा_मामा

राम राम मंडळी. भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तिला बिनसेलचा रेडिओ करून द्यायचा शब्द दिलाय आणि आता अडकलोय. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर इनॅमलची तार गुंडाळून कॉईल केली, जुन्या ट्रान्झिस्टरमधला गँग (स्टेशन बदलायचा फिरता कपॅसिटर) काढून लावला, गच्चीवरून समोरच्या निंबापर्यंत तार ओढली, अर्थिंग बोअरच्या केसिंगला दिलंय. डायोड खराब झालेल्या मोबाईल चार्जरमधून काढला, त्याच्यावर १एन४००७ लिहिलंय, आणि ऐकायला मोबाईलचाच इअरफोन. आता गँग कितीही फिरवला तरी बारीक घरघर सोडून काही नाही, आणि ती घरघर पण शेजारच्यांची मोटर चालू झाली की वाढते. घरातल्या जुन्या रेडिओवर मीडियम वेव्हचं स्टेशन खणखणीत लागतं म्हणजे सिग्नल नाही असं म्हणता येत नाही.

दुसरं म्हणजे भाचीने विचारलं की डायोड तर एसीचं डीसी करतो, मग डीसी झाल्यावर त्याच्यातून माणूस बोलतो कसा? मला सांगता आलं नाही, मी म्हटलं उद्या सांगतो. तर ते पण कोणीतरी नीट सांगा, म्हणजे प्रदर्शनात सरांनी विचारलं तर पोरगी अडकायला नको. आणि डायोड उलटा लागलाय की सुलटा, त्याचा काही संबंध असतो का?

आयटीआय_धुळे

भाऊ १एन४००७ हा पॉवर सप्लायचा सिलिकॉन डायोड आहे, ५० हर्ट्झच्या कामाचा. रेडिओला जर्मेनियमचा लागतो, १एन३४ए किंवा ओए ७९. कारण सिंपल आहे, सिलिकॉनला ०.७ व्होल्ट मिळाल्याशिवाय तो चालूच होत नाही, जर्मेनियमला ०.२-०.३ पुरतात. अँटेनावर तेवढे व्होल्ट येतच नाहीत, त्यामुळे सिलिकॉनने कधीच वाजणार नाही, विषय संपला. ऑनलाइन १एन३४ए मिळतो, मागवून घे.

रेडिओवाले_नाना

मी चाळीसगावकडचा, रेडिओ रिपेरिंग केलंय आयुष्यभर, आता दुकान पोराकडे आहे आणि तो फक्त मोबाईलचे ग्लास बदलतो. मामा, ऑनलाइन मागवायची घाई नको करू भो. १एन३४ए म्हणून जे पाकीट येतं त्यात बरेचदा भलताच डायोड निघतो, शॉटकी (कमी व्होल्टला चालणारा दुसऱ्या जातीचा) असतो नाहीतर साधा सिलिकॉन, काच तेवढी सारखी. भंगारवाल्याकडे जा आणि जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओची प्लेट माग, मरफी बुश फिलिप्स कोणतीही चालते. प्लेटवर पत्र्याचे चौकोनी डबे दिसतील, आयएफटी म्हणतात त्यांना, वरून स्क्रूसारखं रंगीत डोकं असतं, पिवळं पांढरं काळं. काळ्या डोक्याचा शेवटचा असतो, त्याच्या बुडाशी काचेचा डायोड सापडेल, तोच डिटेक्टर, म्हणजे लाटेतून आवाज वेगळा काढणारा. काच साफ असली तर उजेडात धरून बघ, आत केसासारखी बारीक तार एका तुकड्याला टेकलेली दिसते.

काढताना काच आणि सोल्डरिंगची इस्त्री यांच्या मधे पाय चिमट्याने धरून ठेव, जर्मेनियमला ताव सोसत नाही, लवकर मरतो. काढल्यावर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बघ, सुलट्या बाजूने ०.२ ते ०.३ च्या आसपास आकडा आला तर सोनं आहे, ०.६ आला तर सिलिकॉन. शॉटकी पण कमीच दाखवतो म्हणून दुसरी परीक्षा, मीटर मेगओहमच्या रेंजला टाकून उलट्या बाजूने मोज, जर्मेनियम असला तर काही ना काही आकडा दाखवणारच, आणि दोन बोटात काच धरली की ऊब लागून तो आकडा घसरायला लागतो. सिलिकॉन उलट्या बाजूने काहीच दाखवत नाही.

उलटा-सुलट्याचं टेन्शन नको, बिनसेलच्या सेटमध्ये कसाही लाव, वाजतो. मोठ्या रेडिओत मात्र तोच डायोड एजीसीचं व्होल्टेज पण बनवतो, म्हणजे जवळचं स्टेशन लागलं की गेन आपोआप कमी करायचा, तिथे उलटा लावला तर उलटंच काम होतं.

भुसावळचा_मामा

नाना एक नंबर माहिती, उद्याच भंगार बाजार गाठतो. पण मूळ प्रश्न राहिला ना, डीसीमधून आवाज कसा?

टेकडी_जळगाव

मी इंजिनिअरिंगच्या पोरांना हेच शिकवतो, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

जळगाव केंद्राची मीडियम वेव्ह ९६३ किलोहर्ट्झची, म्हणजे तुझ्या तारेत करंट सेकंदाला नऊ लाख त्रेसष्ट हजार वेळा इकडून तिकडे जातो. निवेदकाचा आवाज त्या लाटेच्या उंचीत भरलेला असतो, आवाज चढला की लाट उंच, उतरला की बुटकी. आता हेच सरळ इअरफोनला दिलं तर पडदा हलणारच नाही, कारण जेवढा धक्का पुढे तेवढाच लगेच मागे, अर्ध्या मायक्रोसेकंदात. दोघांनी खाट दोन बाजूंनी सारख्याच जोराने ओढली तर ती जागची हलत नाही, तसं. डायोड यातल्या एकाला बाजूला करतो. मग उरलेल्या धक्क्यांची सरासरी शून्य राहत नाही, आणि ती सरासरी लाटेच्या उंचीप्रमाणे वरखाली होते, म्हणजे आवाजाप्रमाणेच. भाचीला सांग की डीसी होतो हे खरंय, पण तो सपाट डीसी नाही, बोलण्याबरोबर हलणारा डीसी आहे, आणि त्यातलं हलणं तेवढं कानाला कळतं.

डायोडनंतर एक छोटा कपॅसिटर आणि रेझिस्टर असतो तो या धक्क्यांमधल्या फटी भरायला. त्याचं गणित बघण्यासारखं आहे. १० किलोओहम आणि ४.७ नॅनोफॅरड घेतले तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे कपॅसिटर उतरायला लागणारा साधारण वेळ, ४७ मायक्रोसेकंद येतो. ९६३ किलोहर्ट्झची एक लाट साधारण १ मायक्रोसेकंदाची, त्यामुळे दोन धक्क्यांच्या मधे कपॅसिटर रिकामा होत नाही, आणि ५ किलोहर्ट्झच्या आवाजाची लाट २०० मायक्रोसेकंदाची, तिच्याबरोबर तो आरामात उतरू शकतो. मोठा कपॅसिटर ठोकून दिला की त्याला वेळेत उतरता येत नाही, आवाज फाटतो आणि बारीक सूर खाल्ले जातात. लोक "फिल्टर चांगला पाहिजे" म्हणून पॉवर सप्लायसारखा १० मायक्रोफॅरड लावतात आणि मग म्हणतात काही ऐकू येत नाही.

आता धुळ्याच्या भाऊंचं "०.७ शिवाय चालू होत नाही". पुस्तकात असं लिहितात, पाचवी-सहावी सेमिस्टर काढायला पुरतं, पण डायोडमध्ये ०.७ ला कुठलं गेट बसवलेलं नसतं. त्याचा ग्राफ शून्यापासूनच वाकलेला असतो, फक्त मिलिअँपच्या स्केलवर काढला की खालचा भाग सपाट वाटतो. १एन४१४८ या छोट्या सिलिकॉन डायोडमधून फक्त १ मायक्रोअँप सोडून मोजला तर त्याच्यावर पाव व्होल्टच्या आसपासच सापडतो, ०.७ नाही. आणि बारीक सिग्नलला डिटेक्शन होतं ते या वाकण्यामुळेच. पुढे जाताना किंचित जास्त, मागे येताना किंचित कमी, हा जो फरक राहतो तेवढाच आपला माल. म्हणून बारीक सिग्नलला डायोड वर्गाच्या हिशोबाने चालतो, सिग्नल निम्मा झाला की आउटपुट पाव होतं. लांबची स्टेशनं क्रिस्टल सेटवर, म्हणजे अशा बिनसेलच्या रेडिओवर, एकदम गायब होतात त्याचं कारण हे.

मग सिलिकॉन नापास का होतो? त्याचा शून्याजवळचा रेझिस्टन्स बघा. २६ मिलिव्होल्टला डायोडच्या सॅच्युरेशन करंटने (उलट्या बाजूने गळणाऱ्या बारीक करंटने) भागायचं, साधारण तेवढा येतो. जर्मेनियममध्ये हा करंट मायक्रोअँपच्या घरात, म्हणजे रेझिस्टन्स दहा-वीस हजार ओहम, फार तर त्याच्या काही पट. १एन४१४८ मध्ये काही नॅनोअँप, म्हणजे दहा-वीस मेगओहम. आणि आपल्या कॉईल-गँगचा स्वतःचा रेझिस्टन्स रेझोनन्सला (स्टेशन बरोबर जुळल्यावर), २३० मायक्रोहेन्रीची कॉईल आणि क्यू (कॉईल किती कमी पॉवर वाया घालवते त्याचा आकडा) १५० धरला तर, दोन लाख ओहमच्या आसपास. जर्मेनियम या आकड्याच्या जवळपास बसतो, सिलिकॉन शंभर पट लांब जातो, कॉईलमधली पॉवर त्याच्यात उतरतच नाही. मामाच्या १एन४००७ चं आणखी एक दुखणं, तो १ अँपिअरचा, अंगाने मोठा, त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स जास्त आणि उलटताना वेळ खाणारा, ९६३ किलोहर्ट्झ त्याच्यातून दोन्ही बाजूंनी निघून जातं.

आयटीआय_धुळे

सर ग्राफचं पटलं पण प्रॅक्टिकलमध्ये फरक काय पडला, सिलिकॉन नाहीच चालला ना शेवटी.

टेकडी_जळगाव

चालतो, ढकलून द्यावा लागतो. दीड व्होल्टचा सेल घे, १ मेगओहमच्या रेझिस्टरमधून डायोडच्या पुढच्या पायाला दे, सेलची मायनस अर्थला. कॉईल आणि तो पाय यांच्या मधे १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाक नाहीतर कॉईलच सेलला अर्थ करून टाकेल. डायोडच्या दुसऱ्या पायापासून अर्थला ४७ किलोओहम आणि त्याला समांतर इअरपीस. एवढ्याने डायोडमधून १ मायक्रोअँपच्या आसपास वाहतो, रेझिस्टन्स मेगओहमवरून पन्नास हजारावर उतरतो आणि १एन४१४८ जर्मेनियमच्या जोडीला येऊन बसतो. सेल महिनोन्‌महिने पुरतो पण मग रेडिओ बिनसेलचा राहत नाही, प्रदर्शनात मजा जाते.

आणि सिलिकॉन डिटेक्टर ही काही नवीन गोष्ट नाही. पिकार्ड नावाच्या अमेरिकन माणसाने सिलिकॉनच्या खड्यावर तार टेकवून केलेल्या डिटेक्टरचं पेटंट १९०६ मध्येच घेतलंय. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या रिसीव्हरमध्ये सिलिकॉनचेच टोकदार तारेचे डायोड होते. टोक इतकं बारीक की कपॅसिटन्स नावालाच.

सावद्याचा_केळीवाला

वाचू राहिलो केव्हाचा, भारी चाललंय. मले इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही पण एक विचारतो, त्या जुन्या रेडिओत स्फटिक असायचा म्हणे म्हणून क्रिस्टल रेडिओ नाव पडलं. मग आमच्याकडे सावद्याच्या खदानीत विहिरीत जे स्फटिक निघतात, पांढरे, हिरवट, लोक बाहेरदेशी विकतात, ते तार लावून चालतील का? घरात एक डबा भरून पडलाय.

टेकडी_जळगाव

नाही चालणार दादा. सावद्याकडे निघतात ते झिओलाइट, अपोफिलाइट, स्टिल्बाइट अशा जातीचे, बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये वाढलेले. दिसायला देखणे, जगभरचे संग्राहक जळगावचं नाव त्यांच्यामुळे ओळखतात, पण विजेच्या हिशोबाने ते काचेसारखेच, करंट जातच नाही तर एका बाजूने जाण्याचा प्रश्न कुठे. डिटेक्टरला अर्धवट वीज नेणारा खडा लागतो. जुना राजा गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड, काळपट चकचकीत, फोडला की चौकोनी तुकडे पडतात. पायराइट पण चालतं. गॅलेना आपल्या काळ्या दगडात शोधू नका, राजस्थानात जावरच्या खाणींकडे मिळतो.

खड्यावर बारीक तार हलकेच टेकवून वाजणारी जागा शोधत बसायचं, खिडकी जोरात आपटली की जागा सुटली, पुन्हा शोधा. सल्फाइडमधून करंट एकाच बाजूने नीट जातो हे ब्राउनने १८७४ मध्येच बघितलं होतं, तेव्हा रेडिओ कोणाच्या डोक्यातही नव्हता. रेडिओच्या लाटा पकडायला गॅलेना वापरायचं पेटंट मात्र आपल्या जगदीशचंद्र बोस यांचं, अर्ज १९०१ चा, अमेरिकेत मंजूर १९०४ मध्ये. आपल्याकडे शाळेत बोस म्हटलं की झाडांना संवेदना असतात एवढ्यावर धडा संपतो, हे कोणी सांगतच नाही.

रेडिओवाले_नाना

खरं शे सर.

मामा, तुझ्या इअरफोनचं कोणी बोललंच नाही. मोबाईलचा इअरफोन ३२ ओहमचा, डायोडमधून येणारा करंट त्याला काही पुरत नाही, कितीही भारी डायोड लावला तरी तो मुकाच. क्रिस्टल इअरपीस लागतो, हायइम्पीडन्सवाला, एका कानाचा. तो लावलास तर त्याच्या दोन टोकांवर ४७ के चा रेझिस्टर लावायला विसरू नको, बरेच जण विसरतात. इअरपीस आतून कपॅसिटरसारखा असतो, डायोड त्याला भरत जातो आणि खाली उतरायला रस्ता नसला की सुरुवातीला चुळबुळ ऐकू येते आणि मग गप्प. नाहीच मिळाला तर जुन्या प्लेटवरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर काढ, जास्त ओहमची बाजू डायोडकडे आणि कमी ओहमची इअरफोनकडे, आवाज बारीक येतो पण येतो.

आणि अर्थिंगचं बघ. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, रॉडला नुसती हवा लागते. बोअरचं केसिंग लोखंडी असेल तर उत्तम, प्लास्टिकचं असेल तर त्याला अर्थ देऊन उपयोग शून्य. नळाच्या चराजवळ रॉड ठोक, बादलीभर पाणी ओत. अँटेनाची तार विजेच्या तारांच्या वरून-खालून न्यायची नाही आणि पावसाळ्यात ढग गडगडले की आधी सोडवून बाहेर टाकायची, यात हयगय नको.

भुसावळचा_मामा

नाना, केसिंग प्लास्टिकचंच निघालं 😀 वरचं टोपण लोखंडी म्हणून मी त्यालाच तार बांधली होती.

तर आजचा रिपोर्ट. भंगार बाजारात एक प्लेट मिळाली, काळ्या डोक्याच्या डब्याशेजारी डायोड सापडला, मीटरवर ०.२७, उलट्या बाजूने आठशे के च्या आसपास आणि बोटात धरला की खरंच खाली येत गेला, भाचीला तो आकडा घसरताना बघूनच जास्त मजा आली. क्रिस्टल इअरपीस नाही मिळाला म्हणून १० के आणि ४.७ नॅनो लावून ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्सला दिलं, अर्थ नळाजवळ रॉड ठोकून. स्टेशन लागलं!! गाणं स्वच्छ. पण दोन अडचणी. एक, स्पीकर चार्जिंगला लावला की गुर्रर्र. दोन, गँग पूर्ण फिरवला तरी तेच स्टेशन सगळीकडे, रात्री मागे हिंदीत कोणीतरी बोलतंय असं वाटतं पण हे जातच नाही.

आयटीआय_धुळे

अभिनंदन भाऊ 👍 चार्जरचं तर उघड आहे, स्विचिंगचा नॉइज, स्पीकर बॅटरीवरच चालव. आमच्याकडे शेतातली थ्री फेज लाईट गेली की आजोबांचा रेडिओ एकदम स्वच्छ लागतो, लोक लाईट आली की खूश होतात, आजोबा गेली की.

सर एक विचारायचं होतं, एफएम याच्यावर येऊ शकतं का? आणि हा डायोड वाचलेला असला तर दुसरा काही उपयोग?

टेकडी_जळगाव

एफएममध्ये लाटेची उंची कायम, आवाज फ्रिक्वेन्सीच्या हलण्यात असतो, त्यामुळे नुसता डायोड लावला तर सपाट डीसी मिळणार. ट्यूनिंग स्टेशनच्या थोडं बाजूला ठेवलं की फ्रिक्वेन्सी हलली की उंची पण थोडी हलते, तेवढ्यावर काम भागतं पण १०० मेगाहर्ट्झला कॉईल दोन-चार वेढ्यांची आणि सिग्नल जोरदार लागतो. जुन्या एफएम रेडिओत रेशो डिटेक्टरला (एफएममधून आवाज काढणाऱ्या सर्किटला) जुळवलेली डायोडची जोडी असायची, ओए ७९ चीच बरेचदा. वाचलेल्या डायोडचा आरएफ प्रोब (रेडिओच्या लाटा तपासायचं साधन) कर, डायोड, छोटा कपॅसिटर आणि मीटर, ऑसिलेटर (लाटा तयार करणारं सर्किट) चालतोय की बंद पडलाय ते लगेच कळतं.

मामा, तुझं स्टेशन सगळीकडे पसरतंय कारण डायोड आणि १० के मिळून कॉईलवर ओझं टाकतायत, क्यू पडला की ट्यूनिंग बोथट. डायोड कॉईलच्या वरच्या टोकावरून काढ आणि अर्थकडून एक तृतीयांश वेढ्यांवर टॅप (कॉईलच्या मधूनच जोड) काढून तिथे जोड. एक तृतीयांश वेढ्यांना ओझं नऊ पट कमी होतं, आवाज थोडा उतरेल पण स्टेशनं वेगळी होतील. अँटेना पण सरळ टोकाला नको, त्याच्यामधे ५०-१०० पिकोफॅरड टाक. रात्रीचं हिंदी बहुतेक इंदूर असेल, ६४८ किलोहर्ट्झ. २३० मायक्रोहेन्रीला जळगाव ११९ पिकोफॅरडच्या आसपास लागेल आणि इंदूर २६२ ला, गँगवर दोन्ही चांगली लांब आहेत, टॅपनंतर सुटी व्हायला पाहिजेत.

भुसावळचा_मामा

टॅप काढायला इनॅमल खरवडायचं म्हणजे त्याच जागी, की तार तोडून परत जोडायची?

रेडिओवाले_नाना

तोडायची नाही रे. त्या वेढ्याखाली आगपेटीची काडी सरकव, वेढा उचलला जातो, फक्त वरचा भाग बारीक पॉलिश पेपरने घास, बाजूच्या वेढ्यांना लागू देऊ नको. तिथे कथील लावून तार जोड, काडी तशीच राहू दे.